मांजराला मासा द्या, पण खाऊ म्हणून

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत वाचकांनी पाठवलेले पाळीव प्राण्यांचे फोटो येतात ते मी न चुकता बघते, खरं सांगायचं तर बातम्यांच्या आधी तेच बघते. गेल्या रविवारी एका गुबगुबीत मांजरासमोर अख्खा कच्चा मासा, डोक्या-शेपटीसकट, ताटलीत ठेवलेला फोटो होता आणि खाली ओळ होती, 'आमच्या मनीची रोजची मेजवानी'. फोटो गोड होता, नाही म्हणत नाही. पण त्या 'रोजची' शब्दापाशी मी अडकले, कारण दोन वर्षांपूर्वी मीही साधारण हेच करत होते आणि चांगलीच तोंडावर आपटले, म्हणून हे पत्र.

मांजर म्हटलं की मासा, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की लहान मुलाला मांजर काढायला सांगा, ते शेजारी माशाचा सांगाडा काढणारच. आणि हे आजकालचं नाही. इजिप्तमधे नख्त नावाच्या माणसाच्या थडग्यात साधारण ३४०० वर्षांपूर्वीचं भिंतीवरचं चित्र आहे, त्यात एक मांजर खुर्चीखाली बसून मासा खातंय. पण बघा, खुर्चीखाली! म्हणजे तेव्हाही माणसाच्या पंगतीतलाच मासा तो. आपल्या घरातल्या मांजराचं मूळ आफ्रिकन रानमांजर, कोरड्या वाळवंटी भागातलं, उंदीर, पाखरं, सरडे मारून जगणारं, पाण्यात उतरून मासे धरणं हा त्याचा धंदाच नव्हता. (मासे धरणारी एक रानमांजराची जात आहे, पण आपली मनी तिच्या वंशातली नाही.)

मग मासा दिसला की एवढी वेडी का होतात, तर त्याचं उत्तर जिभेत आहे. मांजराला गोड चव कळतच नाही, त्यासाठी लागणारं जीन त्यांच्यात बिघडलेलं आहे हे २००५ मधे कळलं, आणि २०२३ मधल्या एका अभ्यासात असं दिसलं की उमामी म्हणजे ती मांसल खमंग चव मात्र त्यांना जोरात लागते, त्यातही ट्यूना या मोठ्या समुद्री माशात जे घटक एकत्र सापडतात त्यांचं मिश्रण तर फारच आवडतं. थोडक्यात ट्यूना म्हणजे मांजराचं चॉकलेट. आता चॉकलेट आवडतं म्हणून पोराला तिन्ही त्रिकाळ कोण देतं? मी दिलं.

आमच्या बोकोबाला (वजन साडेचार किलो, स्वभाव जमीनदाराचा) मी एकदा ट्यूनाचा डबा फोडून चमचाभर दिला आणि त्याने ताटली जमिनीवरून ढकलत ढकलत भिंतीपर्यंत नेऊन चाटली, मग दुसऱ्या दिवशी परत, मग तिसऱ्या दिवशी तोच माझ्यामागे फिरायला लागला, असं करत महिनाभर रोज. डबे संपले त्या दिवशी त्याचं नेहमीचं खाणं पुढे ठेवलं तर त्याने वास घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि वाटीच्या भोवती पंजाने फरशी खरवडायला लागला, शीच्या ट्रेमधली वाळू ओढून शी झाकतात ना, अगदी तसं. एवढा अपमान माझ्या स्वयंपाकाचा घरात कोणी केला नव्हता. मी म्हटलं भूक लागली की खाईल झक मारत. दीड दिवस झाला तरी नाही. फोन केला तर व्हेट मॅडमनी चांगलंच झापलं, म्हणाल्या मांजराशी असला हट्ट खेळायचा नसतो, दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर अंगातली चरबी लिव्हरमधे साठायला लागते आणि ते जिवावर बेतू शकतं, जाड मांजरांना तर जास्तच. शेवटी नेहमीच्या खाण्यात ट्यूना कुस्करून मिसळायचा आणि रोज चिमूट चिमूट कमी करायचा असं करत त्याला माणसात, आय मीन मांजरात आणायला जवळजवळ तीन आठवडे लागले.

बरं, हट्टीपणा सोडा, रोज मासाच का नको हे मला तेव्हा मॅडमनी समजावलं ते सांगते. कच्च्या माशांच्या बऱ्याच जातींत थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं, ते बी१ जीवनसत्त्वाची वाट लावतं, आणि मांजराला बी१ आपल्यापेक्षा पुष्कळ जास्त लागतं. ते कमी पडलं की आधी खाणं सुटतं, मग चाल डगमगते, मान छातीकडे झुकते, झटके येतात. नीट शिजवलं की ते एन्झाइम मरतं, म्हणून कच्चा नकोच, शिवाय कच्च्यात जंत असतात ते वेगळेच. दुसरं, तेलकट मासा सतत दिला आणि ई जीवनसत्त्व कमी पडलं तर अंगातल्या चरबीलाच सूज येते, मांजराला हात लावू देत नाही इतकं दुखतं. आणि आपल्यासाठीच्या डब्यातला ट्यूना हा पूर्ण आहार नसतोच, मिठाच्या पाण्यातला असेल तर मीठही भरपूर. कोणी म्हणेल एवढं काय, प्रोटीन तर आहे. अहो, मांजराचं खाणं जुळवणं एवढं सोपं असतं तर १९८७ च्या आधी बाजारातलं तयार खाणं खाऊनसुद्धा मांजरांची हृदयं का फुगली असती? तेव्हा कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की टॉरिन, म्हणजे मांजराच्या हृदयाला लागणारा अन्नातला एक घटक, कमी पडत होतं, मग कंपन्यांनी ते वाढवलं. एवढ्या कंपन्यांना जमलं नाही ते मी एका डब्यात काय जमवणार होते.

आणि पारा. मोठा मासा छोट्याला खातो, त्यामुळे ट्यूनासारख्या मोठ्या शिकारी माशात पारा साठत जातो. जपानमधे मिनामाता या समुद्रकाठच्या गावात पाऱ्यामुळे काय झालं ते आपल्याला माणसांच्या आजारामुळे माहीत आहे, पण माणसांच्या आधी मांजरांना झालं होतं ते. कारखान्याचा पारा समुद्रात, समुद्रातून माशात, आणि मासे खाऊन गावातली मांजरं गोल गोल फिरत, नाचल्यासारखी करत मरायला लागली, लोक त्याला मांजरांचा नाचाचा आजार म्हणायचे. १९५६ मधे माणसांचा आजार अधिकृतपणे नोंदला गेला, आणि १९५९ मधे कंपनीच्याच हॉस्पिटलातल्या डॉक्टर होसोकावांनी कारखान्याचं सांडपाणी अन्नात मिसळून एका मांजराला दिलं, त्याचा नंबर ४००, त्यालाही तेच झालं, आणि कंपनीने तो निकाल दाबून ठेवला. आता घरात चमचाभर मासा देण्याची तुलना याच्याशी नाही हो, ते विषच ओतलेलं होतं समुद्रात. पण रोज रोज मोठा मासा देताना मला तो ४०० नंबर आठवतो, एवढंच.

म्हणजे मासा बंद का? अजिबात नाही! मी दर बुधवारी देते. छोटा, पांढऱ्या मांसाचा मासा, नुसत्या पाण्यात उकडलेला, मीठ नाही, तेल नाही, आणि कांदा-लसूण तर चुकूनही नाही कारण त्याने मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, आपल्या ताटातला मसाल्याचा तुकडा 'एवढासाच' म्हणून देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. मापाचं म्हणाल तर चार किलोच्या घरातल्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी लागतात, खाऊ त्यातला दहावा हिस्सा, म्हणजे उकडलेला पांढरा मासा २०-२५ ग्रॅम. दोन बोटांच्या पेरांएवढा तुकडा, संपलं. पहिल्यांदा देत असाल तर त्याहून कमी द्या आणि खाजवतंय का, उलटी करतंय का ते बघा, मांजरांना माशाची ॲलर्जी बऱ्यापैकी आढळते. किडनीचा त्रास असलेल्या मांजराला व्हेटना विचारल्याशिवाय नको.

काट्याचं सांगायचं राहिलं, खरं तर तेच आधी सांगायला हवं होतं. मांजर काटे बरोबर काढून खातं ही शुद्ध थाप आहे. एकदा पाहुण्यांच्या गडबडीत मी मासा नीट कुस्करला नाही, आणि तासाभराने बोकोबा तोंडावर पंजे मारतोय, लाळेची तार लोंबतेय, जबडा वाकडा. मला वाटलं काहीतरी विषारी चाटलं. टॉवेलमधे गुंडाळून व्हेटकडे नेला, त्यांनी तोंड उघडून टॉर्च मारला तर वरच्या टाळूला, दोन्हीकडच्या दाढांच्या मधे काटा आडवा बसलेला, खिडकीला अडसर लावावा तसा. चिमट्याने अर्ध्या सेकंदात निघाला. तेव्हापासून मी चमच्याने कुस्करत नाही, बोटांनीच, ताटलीवर घासून, प्रत्येक पाकळी वेगळी करून. चमच्याला काटा कळत नाही, बोटाला कळतो.

तर संपादक महोदय, माझी विनंती एवढीच की असे फोटो छापा जरूर, पण खालची ओळ लिहिताना 'रोजची' गाळा आणि कच्चा मासा असेल तर 'शिजवून, काटे काढून' एवढे तीन-चार शब्द टाका, जागा काही फार जात नाही. सोबत बोकोबाचा फोटो पाठवतेय, जमला तर छापा. ताटली जवळजवळ रिकामी दिसेल, कारण मी कॅमेरा उघडेपर्यंत तो थांबला नाही.

आपली,
बोकोबाची मालकीण
(तो मानत असेल तर)