आना ग्योल्डीच्या संग्रहालयाची सहल आणि मराठी पुस्तिका : सहकार्यासाठी आवाहन

सर्व सभासदांना आणि हितचिंतकांना सप्रेम नमस्कार.

गणेशोत्सव आटोपला की झुरिक परिसरातली आपली मराठी कुटुंबे मिळून एक दिवसाची सहल काढतात. यंदा कार्यकारिणीने ग्लारुसच्या शेजारचे एन्नेंडा हे गाव निवडले आहे. तिथे आना ग्योल्डी या मोलकरणीच्या आयुष्यावर आणि १७८२ साली तिच्यावर चाललेल्या खटल्यावर एक छोटे संग्रहालय आहे. या सहलीसाठी आणि त्याहूनही अधिक सहलीच्या निमित्ताने काढायच्या मराठी पुस्तिकेसाठी तुमची मदत हवी आहे. पैशांची हवी आहे, तशीच वेळेची आणि भाषेच्या जाणकारीचीही.

बैठकीत एक प्रश्न रास्तपणे विचारला गेला: डोंगर, तळी, चीजचे कारखाने सोडून चेटकीण ठरवलेल्या बाईच्या खटल्याकडे मुलाबाळांना कशाला न्यायचे? त्याचे उत्तर द्यायचे तर आनाची हकीकत सांगावी लागेल.

आनाचा जन्म १७३४ सालचा, सेनवाल्ड इथल्या गरीब घरातला. लहानपणापासून ती दुसऱ्यांच्या घरी राबली. तिचे पहिले मूल जन्मल्या रात्रीच दगावले, तेव्हा बालहत्येचा ठपका ठेवून तिला शिक्षा झाली. असा डाग लागलेल्या बाईवर पुढे कोणीही काहीही आरोप केला तर तिच्या बाजूने कोण उभे राहणार? १७८० मध्ये ती ग्लारुसला योहान याकोब चुडी यांच्या घरी कामाला लागली. चुडी डॉक्टर होते, न्यायाधीशही होते आणि तिथल्या वजनदार घराण्यातले होते. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात त्यांच्या आठ वर्षांच्या मुलीच्या दुधात टाचण्या सापडल्याचा आरोप आनावर आला आणि तिला कामावरून काढून टाकण्यात आले. ती घर सोडून गेली. त्यानंतर त्या मुलीला झटके येऊ लागले आणि तिच्या तोंडातून टाचण्या नि खिळे पडतात असे घरचे सांगू लागले. बाई घरात नव्हती, तरी दोष तिचाच.

फेब्रुवारी १७८२ मध्ये तिला पकडण्यासाठी इनामाची जाहिरात निघाली. ती छापून आली झुरिकच्या वृत्तपत्रात. आज ‘नॉये झुर्शेर त्साइटुंग’ या नावाने आपल्यापैकी अनेकांच्या घरी येते, त्याच वृत्तपत्राच्या जुन्या रूपात. त्याच महिन्यात ती डेगर्सहाइमला सापडली.

यानंतर जे घडले ते महाराष्ट्रातल्या माणसाला नवखे वाटणार नाही. मुलीचा एक पाय आखडला होता. आनाला तिच्यासमोर उभे करून फर्मावण्यात आले की तूच हिला बरी कर. तिने पाय चोळला, ओढला, दाबला आणि मुलगी चालू लागली. झाले! जिने बरे केले तिनेच बिघडवले असणार, हा तिच्याविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा ठरला. बरे केले नसते तर ‘मुद्दाम करत नाही’ असे म्हटले गेले असते. सुटकेची वाटच ठेवलेली नव्हती. मग तिला अंगठ्यांनी टांगले, पायांना दगड बांधले. तेव्हा तिने सैतान भेटल्याचे कबूल केले. छळ थांबला की ती कबुली मागे घ्यायची. तिचा साथीदार म्हणून रुडोल्फ श्टाइनम्यूलर या कुलूप बनवणाऱ्या वयस्क माणसालाही कोठडीत टाकले होते. त्याने तिथेच गळफास घेतला. आनाचा १३ जून १७८२ रोजी तलवारीने शिरच्छेद झाला. निकालपत्रात ‘चेटकीण’ म्हटलेले नाही, ‘विष देणारी’ म्हटले आहे. अशा खटल्यांची आपल्याच काळात नाचक्की होऊ लागली आहे हे न्याय करणाऱ्यांना पुरते ठाऊक होते, म्हणूनच ही काळजी घेतली असावी असे आम्हांला वाटते.

मालकाचे आणि आनाचे संबंध असल्याची कुजबुज त्या काळीही होती. ते सिद्ध झाले असते तर चुडींचे पद गेले असते. नंतरच्या काळात ग्लारुसचे पत्रकार वाल्टर हाउझर यांनी कागदपत्रे धुंडाळून हा धागा लोकांपुढे आणला.

ही सगळी हकीकत आज आपल्याला कळते ती एका माणसामुळे. योहान मेल्खिओर कुब्ली हे तिथले सरकारी लेखनिक. कामकाज गुप्त ठेवणे हे त्यांचे कर्तव्य होते. तरीही त्यांनी खटल्याची माहिती जर्मन पत्रकारांपर्यंत पोहोचवली आणि वर्षभराच्या आत जर्मन भाषिक मुलखात या निकालाची निर्भर्त्सना होऊ लागली. न्यायाच्या नावाने खून झाला, असे छापून आले. कार्यकारिणीतल्या आम्हां सर्वांना या गोष्टीतला सर्वांत मोलाचा माणूस हा लेखनिक वाटतो. आनाला तो वाचवू शकला नाही. पण तिच्यावर काय बेतले ते त्याने बुजू दिले नाही. २७ ऑगस्ट २००८ रोजी ग्लारुस प्रांताच्या (कँटनच्या) प्रतिनिधिगृहाने तिला निर्दोष ठरवले. ज्या परिषदेने शिक्षा दिली तिला तो अधिकारच नव्हता, आणि जीव न घेणाऱ्या विषप्रयोगाला तेव्हाच्या कायद्यानेही मृत्युदंड बसत नव्हता, ही त्यामागची कारणे. एवढ्या तपशिलात ती मांडता आली, कारण कागद शिल्लक होते.

युरोपात पंधराव्या ते अठराव्या शतकात या आरोपाखाली चाळीस ते साठ हजार माणसे मारली गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांत बाया फार मोठ्या संख्येने होत्या. बहुतेकींचे नावसुद्धा आज कोणाच्या ओठी नाही.

आता आपल्याकडे वळू. छुटनीदेवी महातो हे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल. झारखंडमधल्या सराईकेला-खरसावां जिल्ह्यातल्या या बाईंवर १९९५ मध्ये डायन असल्याचा आरोप आला. निमित्त काय, तर शेजारची मुलगी आजारी पडली. मारहाण झाली, गाव सोडावे लागले. त्यानंतर त्यांनी अशाच आरोपांत अडकलेल्या बायांना आधार देण्यात आयुष्य घातले आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आजारी मुलगी आणि पाठीशी कोणी नसलेली बाई: दोनशे वर्षांचे आणि हजारो किलोमीटरचे अंतर असूनही आरोपाची बांधणी तीच.

महाराष्ट्रही यातून सुटलेला नाही. सातपुड्यातल्या पाड्यांवर बाईला डाकीण ठरवून मारणे, गावाबाहेर काढणे, मराठवाड्यातली भानामती, कोकणातली करणी हे आपल्या सगळ्यांच्या कानांवर आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्यासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला तो जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या २० ऑगस्ट २०१३ च्या खुनानंतर आधी वटहुकूम म्हणून आला आणि त्याच डिसेंबरात विधिमंडळात मंजूर झाला. एखादी व्यक्ती करणी करते, भूत लावते किंवा मंत्राने जनावरांचे दूध आटवते असे सांगून तिचे जगणे मुश्कील करणे हा या कायद्याने गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड होऊ शकतो. आनाच्या खटल्यातले आरोप या कलमाच्या शेजारी ठेवून वाचले की अंगावर काटा येतो.

म्हणूनच पुस्तिका. उन्हाळ्यात आणि गणपतीच्या सुमारास आपल्यापैकी अनेकांचे आई-वडील, सासू-सासरे भारतातून इथे येतात. त्यांना जर्मन येत नाही, इंग्रजी वाचायला अवघड जाते. प्रेक्षणीय जागी नेले की ती मंडळी फोटो काढतात आणि बाकावर बसून राहतात. या विषयावर मात्र त्यांच्याजवळ सांगण्यासारखे आपल्यापेक्षा जास्त आहे. गावात कोणत्या बाईच्या घरचे पाणी प्यायचे नाही असे सांगितले जायचे, कोणाला विहिरीवर येऊ दिले जात नव्हते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. त्यांच्या हातात आनाची हकीकत स्वच्छ मराठीत, मोठ्या टायपात पडली, तर नातवंडांशी त्यांचे जे बोलणे होईल ते कोणत्याही मार्गदर्शकाला जमणार नाही.

पुस्तिका साधारण चोवीस पानांची असेल. आनाचे आयुष्य, खटल्याचा क्रम, २००८ चा निर्णय, महाराष्ट्राचा कायदा सोप्या शब्दांत आणि शेवटी आपल्या ज्येष्ठांच्या आठवणी. या आठवणींत गावाचे, बाईचे किंवा कुटुंबाचे नाव छापले जाणार नाही. हा नियम आम्ही कोणासाठीही मोडणार नाही. ज्यांना आधीच खूप सोसावे लागले त्यांची ओळख उघड करण्याचा आपल्याला अधिकार नाही. मजकूर आपल्याच शब्दांत लिहिला जाईल, आणि संग्रहालयातले छायाचित्र किंवा मजकूर परवानगीशिवाय वापरणार नाही.

यासाठी हवी असलेली माणसे अशी: जर्मन चांगले वाचता येणारे दोघे-तिघे, त्यातही अठराव्या शतकातल्या जर्मनशी झटापट करण्याची हौस असलेला एखादा. डोळ्यांत तेल घालून मुद्रिते तपासणारे कोणी. देवनागरी अक्षरजुळणी येणारे कोणी. आठवणी सांगायला तयार असलेले ज्येष्ठ आणि त्यांच्याशेजारी धीराने बसून त्या टिपून घेणारी तरुण मुले. सर्वांत जास्त चणचण भासणार आहे ती या शेवटच्यांची. विद्यापीठात शिकणाऱ्या मुलामुलींनी मनावर घ्यावे.

पैसे दोन गोष्टींसाठी लागतील. पहिली म्हणजे छपाई. दुसरी म्हणजे ज्यांना झुरिकहून ग्लारुसचे तिकीट आणि प्रवेशशुल्क जड जाते त्यांचा खर्च: नुकतेच आलेले विद्यार्थी, नोकरीच्या शोधात असलेले, एकट्याच्या पगारावर घर चालवणारे. यांच्यापैकी कोणालाही अर्ज करावा लागणार नाही, कारण सांगावे लागणार नाही. कोषाध्यक्षांना एक निरोप पुरेल आणि तो त्यांच्यापाशीच राहील. प्रत्येक कुटुंबाने वीस फ्रँक दिले तर सहलीचा भार हलका होईल. ज्यांना शक्य आहे त्यांनी पन्नास किंवा अधिक द्यावेत. रक्कम ट्विंटने (मोबाइलवरून पैसे देण्याच्या स्विस अ‍ॅपने) किंवा मंडळाच्या खात्यात भरावी आणि तपशिलात ‘एन्नेंडा’ असे लिहावे. जमा-खर्च वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे पावत्यांसह ठेवला जाईल. काही शिल्लक राहिली तर ती संग्रहालय चालवणाऱ्या प्रतिष्ठानाला देणगी म्हणून जाईल.

काही सभासदांनी सुचवले की याच निधीतून सातपुड्यातल्या कामालाही मदत पाठवावी. भावना मनापासून पटते, पण मंडळाला ते करता येणार नाही. आपले मंडळ इथे नोंदलेले असल्यामुळे त्याची रक्कम भारतात परदेशी देणगी ठरते आणि एफसीआरए (परदेशी देणग्यांविषयीचा भारतीय कायदा) नोंदणी नसलेल्या संस्थेला ती स्वीकारता येत नाही. भारतीय पारपत्र असलेल्यांनी आपल्या वैयक्तिक बचतीतून, आपल्या पसंतीच्या संस्थेला थेट बँकेमार्फत द्यावे, ही आग्रहाची विनंती. स्विस नागरिकत्व घेतलेल्यांनी त्या संस्थेकडे नोंदणीची आधी चौकशी करावी.

सहलीबद्दल थोडक्यात. झुरिकहून ग्लारुस रेल्वेने साधारण तासाभरावर आहे आणि एन्नेंडा त्याच्या लगेच पुढचे स्टेशन. संग्रहालय २०१७ पासून एका जुन्या हेंगीटुर्ममध्ये आहे. रंगवलेल्या, छापलेल्या कापडाचे लांबच लांब पट्टे वाळवण्यासाठी टांगायचे ते हे उंच लाकडी मनोरे. ग्लारुसच्या खोऱ्यात कापडछपाई अठराव्या शतकात भारतीय छापील सुती कापडाच्या धर्तीवर सुरू झाली, ही गोष्ट आपल्या ज्येष्ठांना नक्की आवडेल. परतताना ग्लारुसपर्यंत चालत येऊ. तिथल्या न्यायालयाच्या इमारतीवर २०१४ पासून आनाच्या स्मरणार्थ दिवे लावलेले आहेत. मे महिन्यात नागरिक उघड्यावर जमून हात वर करून मतदान करतात त्या सभेचा, म्हणजे लांड्सगेमाइंडेचा, चौकही पाहता येईल.

मुलांविषयी: या गोष्टीत छळ आहे, मृत्यू आहे, एका मुलीच्या बोलण्यावरून झालेला अन्याय आहे. दहा वर्षांखालच्या मुलांना आत न्यायचे की नाही हे पालकांनी ठरवावे. जी मुले आत जाणार नाहीत त्यांच्यासाठी बाहेर खेळ आणि खाऊ सांभाळायला दोन स्वयंसेवक हवे आहेत. मोठ्या मुलांना जरूर न्यावे, आणि त्या आठ वर्षांच्या मुलीला दोष न देता तिच्याभोवतीच्या मोठ्यांबद्दल बोलावे.

शाळांच्या शरद सुट्ट्या लागण्याआधीच्या रविवारी जाण्याचा विचार आहे. संग्रहालयाशी वेळ ठरली की तारीख कळवू. नोंदणी करताना किती मोठे, किती मुले, कोणाकडे हाफ-टॅक्स किंवा ज्युनिअर-कार्टे (रेल्वेची सवलतीची कार्डे) आहे आणि चाकाच्या खुर्चीची गरज आहे का, हे लिहावे. पुस्तिकेच्या कामाला हात लावू इच्छिणाऱ्यांनी ऑगस्टअखेरपर्यंत सचिवांना कळवावे. आठवणी टिपण्याचे काम आई-वडील भारतात परतण्याआधी व्हायला हवे, म्हणून ज्यांच्या घरी सध्या पाहुणे आहेत त्यांनी याच आठवड्यात संपर्क साधावा.

आपली,
कार्यकारिणी