शिक्षकांना शिकवणाऱ्याची जागा अशी भरणार असाल तर शाळा कोण चालवणार? उच्च शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

साहेब, आपल्याकडं रोज ढीगभर निवेदनं येत असणार, त्यामुळं पाल्हाळ न लावता मुद्द्यावर येते. मागच्या आठवड्यात मी एका अनुदानित बीएड कॉलेजात सहायक प्राध्यापक पदाच्या मुलाखतीला गेले होते. कॉलेजचं नाव लिहीत नाही कारण मला याच भागात राहायचंय आणि पुढची जाहिरात निघाली की परत अर्जही करायचाय. मी कोरेगाव तालुक्यातली, एमए, एमएड, शिक्षणशास्त्रात नेट, शिवाजी विद्यापीठाची पीएचडी, विषय शैक्षणिक प्रशासन. म्हणजे शाळा चालते कशी, मुख्याध्यापकाचा दिवस कशात जातो, शिक्षकाला सेवेत आल्यावर कोण काय शिकवतं, याचाच अभ्यास.

कमिटी बसायच्या आधी एका गृहस्थांनी मला बाजूच्या खोलीत बोलावलं. फाईल टेबलावर ठेवली ती त्यांनी उघडलीच नाही. म्हणाले, मॅडम गाव कुठलं, कोरेगाव का, मग पाणी असंल, शेती किती आहे, बागायत का जिरायत, नावावर कुणाच्या? मला वाटलं ओळखीपाळखीचं बोलतायत. मग म्हणाले भावाशी बोलून बघा, संस्थेला इमारत निधी लागतो, बाकीच्यांची तयारी आहे. आणि आकडा सांगितला, पन्नास लाखांच्या वरचा. साहेब, सातव्या वेतन आयोगात या पदाचा सुरुवातीचा मूळ पगार ५७,७०० रुपये आहे. घरात चूल न पेटवता सात वर्षं तो सगळा बाजूला टाकला तरी ५० लाख भरत नाहीत. हा हिशोब त्या गृहस्थांना येत नसेल असं नाही, येतो म्हणून तर ते पगाराबद्दल बोललेच नाहीत, थेट जमिनीवर आले.

नंतर आत गेले. शाळा व्यवस्थापन समितीची रचना विचारली. मी आरटीईचं, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं, कलम २१ सांगितलं, तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला, आणि या समित्या कागदावरच का राहतात तेही सांगायला लागले तर एक साहेब मोबाईलवर बोलत होते आणि दुसऱ्यांनी चहा मागवला. बाहेर व्हरांड्यात सांगली, कराड, जतकडनं आलेली पोरं-पोरी प्लॅस्टिकच्या फायली मांडीवर घेऊन बसलेली, त्यातल्या निम्म्यांना आधीच माहीत होतं कुणाचं नक्की झालंय ते. तरी बसलेली, कारण पुढच्या वेळी कुणी म्हणायला नको की तुम्ही आलाच नव्हता. ज्याची निवड झाली त्याच्यावर माझा राग नाही, त्याच्याही घरचं काहीतरी गेलं असंलच.

आता मी काय करते ते ऐका. एका विनाअनुदानित बीएड कॉलेजात शिकवते, महिना पंधरा हजार, तेही वर्षातनं आठ-नऊ महिने आणि तेही फी जमा झाली तर. दिवाळीचा पगार संक्रांतीला झालाय, कधी झालेलाच नाही. एनसीटीई, म्हणजे बीएड-डीएड कॉलेजांना मान्यता देणारी दिल्लीची परिषद, तिच्या २०१४ च्या नियमावलीत दोन वर्षांच्या बीएडला दोनशे विद्यार्थ्यांमागं सोळा पूर्णवेळ प्राध्यापक लागतात. कागदावर आमच्याकडं ते आहेत, तपासणीच्या दिवशी खुर्चीवरही असतात. बाकीच्या दिवशी आम्ही चौघं-पाच जण सगळे पेपर, सगळे सराव पाठ, सगळी इंटर्नशिप ओढतो. वीस आठवड्यांची इंटर्नशिप म्हणजे एका विद्यार्थ्याचं जवळपास पाच महिने शाळेत असणं, पण कितीतरी जणांची ती शाळेच्या शिक्क्यावरच पुरी होते हे या क्षेत्रातल्या सगळ्यांना माहितीय, तुमच्या खात्यालाही. नॉन-अटेंडिंग, म्हणजे वर्गात न येताच बीएड, हा प्रकार उघड चालतो, फोनवर रेट विचारतात.

तरी मी हे काम सोडत नाही, का ते सांगते. जत भागातली एक विद्यार्थिनी होती, सहावीच्या वर्गावर पाठ घ्यायची आणि सगळा वेळ फळ्याकडं तोंड करून बोलायची. मी शेवटच्या बाकावर बसून तिच्या पाठ निरीक्षण वहीत रोज तेच लिहायचे, मुलांकडं बघा, प्रश्न विचारल्यावर थांबा, लगेच उत्तर देऊ नका. बरेच दिवस काही फरक नाही. मग एक दिवस तिनं प्रश्न विचारला आणि खडू हातात धरून नुसती उभी राहिली, वर्ग गप्प, ती गप्प, आणि मागच्या बाजूनं एक कधी न बोलणारं पोरगं उठलं आणि बरोबर बोललं. शिक्षक असा तयार होतो साहेब. मागच्या बाकावर कुणीतरी वही घेऊन बसलेलं असावं लागतं, आणि त्याला त्या बसण्याचा पगार मिळावा लागतो. जो शेत विकून येणार तो पहिली काही वर्षं पैसे कसे वसूल होतील ते बघंल, मागच्या बाकावर कशाला बसंल?

आणि हे साताऱ्यात व्हावं याचा मला जास्त त्रास होतो. कर्मवीर भाऊरावांनी १९१९ ला काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग सुरू झालं आणि तिथल्या पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. आणि भाऊरावांची दूरदृष्टी बघा, गावोगाव शेकडो व्हॉलंटरी शाळा काढायच्या तर आधी शिक्षक पाहिजेत म्हणून १९३५ ला साताऱ्यात ट्रेनिंग कॉलेज काढलं. शिक्षक आधी, शाळा मागनं. १९५५ ला बीएडसाठी आझाद कॉलेज निघालं. एका बाईनं पोरांच्या शिक्षणासाठी मंगळसूत्र मोडलं त्या मुलखात आता शिकवायची नोकरी मिळावी म्हणून आईबापांनी जमीन मोडायची, आणि वर त्याच संस्थाचालकांनी जयंतीला कर्मवीरांच्या फोटोला हार घालायचा. मला हे बघवत नाही.

आता माझ्या विषयाचं थोडं, कारण ते कुणी विचारत नाही. पीएचडीसाठी मी माण तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत दिवसभर बसले होते. गुरुजी चौथीला भागाकार शिकवत होते, फळ्यावर उदाहरण अर्ध्यावर आलेलं, तेवढ्यात ग्रुपवर मेसेज, माहिती अर्ध्या तासात भरा. शाळेत रेंज धड नाही. गुरुजी मोबाईल घेऊन पाण्याच्या टाकीकडं चढावर गेले. मुलं थोडा वेळ वाट बघून पाटीवर चित्रं काढायला लागली, गुरुजी घामाघूम होऊन आले तोवर खिचडीची वेळ झाली आणि तो भागाकार त्या दिवशी पुरा झालाच नाही. यू-डायस, सरल, शालार्थ, आधार, पोषण आहार, संचमान्यता, सगळ्याची माहिती ऑनलाइन भरायची, शिवाय बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं काम. आरटीईच्या कलम २७ नं जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं काम लावायचं नाही, पण निवडणुकीच्या नावाखाली वर्षभर यादी चालू असते.

आणि मुख्याध्यापक म्हणजे कोण? खाजगी शाळांच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीत पदवी, बीएड, पाच वर्षांचा अनुभव आणि ज्येष्ठता असली की झाला मुख्याध्यापक. आरक्षणाची बिंदुनामावली काय, अनुदानाचं लेखापरीक्षण काय, शिक्षकाच्या तासाला बसून त्याला न दुखवता सांगायचं कसं, यातलं काही शिकलेला असावा अशी अट नाही. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचा शालेय व्यवस्थापन पदविकेचा कोर्स आहे, संभाजीनगरला मिपा ही शैक्षणिक नियोजन व प्रशासनाची संस्था आहे, पण खुर्चीत बसायच्या आधी ते करायलाच पाहिजे असं कुणी म्हणत नाही. त्याला हात द्यायला आजूबाजूच्या शाळांवर देखरेख ठेवणारे केंद्रप्रमुख, तर त्यांच्या २,३८४ जागांची जाहिरात २०२३ ला निघाली आणि परीक्षा पुढं ढकलत ढकलत अर्ज केलेल्या शिक्षकांचा धीर संपला. डाएट, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, आमच्या जिल्ह्यात फलटणला, १९८६ च्या धोरणानंतर देशभर ही कल्पना आली की जिल्ह्यातल्या शिक्षकाला जिल्ह्यातच प्रशिक्षण मिळावं. आज राज्यभरातल्या डाएटमध्ये कितीतरी पदं रिकामी, एकेका माणसाकडं दोन-तीन टेबलं. नवीन शैक्षणिक धोरण म्हणतं प्रत्येक शिक्षकाला आणि मुख्याध्यापकाला वर्षाला ५० तास प्रशिक्षण. देणार कोण? मग मोठ्या हॉलमध्ये दोनशे शिक्षक कोंबायचे, प्रोजेक्टरवर व्हिडिओ लावायचा, सही घ्यायची, फोटो अपलोड करायचा. वर सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं पहिली ते आठवीच्या सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, लागेल, दोन वर्षांत पास व्हा असं सांगितलं. ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त राहिलीत त्यांना. ज्या सरकारनं त्यांना नीट प्रशिक्षण दिलं नाही ते आता त्यांची परीक्षा घेणार.

हे सगळं आजचं नाही साहेब, मला कळतं. डीएड कॉलेजांचं पीक आलं तेव्हाही मान्यता कुणी दिल्या, कुणाच्या नातेवाईकांना दिल्या, हे गावागावात माहीत आहे. महाराष्ट्रातल्याच २९१ कॉलेजांच्या मान्यतेचा वाद सुप्रीम कोर्टात गेला, त्यातनं न्यायमूर्ती वर्मा आयोग बसला, २०१२ ला अहवाल आला, त्या कॉलेजांतली बहुतेक चालवायच्या लायकीची नाहीत असं निघालं. त्याच वर्षी राज्यात शिक्षकभरती बंद झाली. म्हणजे हजारो पोरं डीएड करून बाहेर आली आणि दार बंद. माझ्या वर्गातली कितीतरी आज एमआयडीसीत आहेत, काही पुण्यात डिलिव्हरी करतात. शिक्षणसेवकाला तेव्हा सहा हजार होते, ते २०२३ ला सोळा केले, ते पण वर्षानुवर्षं मागून. मग दोन वर्षांचं बीएड आणलं, आता पदवी आणि बीएड एकत्र असलेला चार वर्षांचा आयटीईपी आणि पुन्हा एक वर्षाच्या बीएडची भाषा. दर दहा वर्षांनी कोर्सची लांबी बदलायची, शिकवणाऱ्याला मात्र पगार नाही. आणि विचारायला जावं तर डीएड शालेय शिक्षण खात्याकडं, बीएड तुमच्याकडं, मान्यता दिल्लीला, टीईटी परीक्षा परिषदेकडं. प्रत्येक जण दुसऱ्याच्या दाराकडं बोट दाखवतो, आणि आम्ही आयुष्यातली कामाची वर्षं या दारातनं त्या दारात घालवली. माझं लग्न, घर, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं 'कायम झाल्यावर बघू' यावर थांबलं. आता दुसऱ्या नोकऱ्यांत वयही बसत नाही.

माझं मागणं फार नाही. बीएड कॉलेजातली अनुदानित पदं संस्थेच्या हातातनं काढा, शाळांना जसं शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल आहे तशी गुणांवर केंद्रीय यादी लावा. तोवर निदान प्रत्येक मुलाखतीचं रेकॉर्डिंग करा आणि प्रत्येक उमेदवाराचे गुण त्याच दिवशी विद्यापीठाच्या वेबसाईटवर टाका, कमिटीत तुमच्या खात्याचा माणूस बसलेला असतो, त्याला हे सांगणं तुमच्या हातात आहे. विनाअनुदानित कॉलेजांनी दाखवलेल्या सोळा नावांच्या बँक खात्यात खरंच पगार पडतो का ते एकदा तपासा, तपासणीची तारीख आधी न सांगता या. आणि शालेय शिक्षणमंत्र्यांशी बोलून मुख्याध्यापकाला खुर्चीत बसायच्या आधी सहा महिन्यांचा कोर्स सक्तीचा करा, शिकवायला आम्ही आहोत, सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत माझ्यासारखे नेट-पीएचडीवाले पंधरा हजारावर पडलेत, त्यांना बोलवा.

या पत्राची प्रत कुलपती म्हणून मा. राज्यपालांना आणि एनसीटीईलाही पाठवतेय. उत्तर तुमच्या सहीचं पाहिजे. मागच्या निवेदनाला 'आपला अर्ज पुढील योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित कार्यालयाकडे वर्ग करण्यात येत आहे' असं छापील पत्र आलं होतं, आणि ज्या कार्यालयाकडं वर्ग केला त्याच कार्यालयाविरुद्ध तो अर्ज होता. तसं पत्र परत पाठवू नका.

आपली,
एक बीएड प्राध्यापिका, कोरेगाव तालुका, जि. सातारा