गाडी किती वेळा निघाली ते नको, किती वेळ अडकली ते मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझा चुलत भाऊ जव्हारकडे अ‍ॅम्ब्युलन्सवर पायलट आहे, म्हणजे ड्रायव्हरच, पण तिथे पायलट म्हणतात. कुठल्या गाडीवर ते मुद्दाम लिहीत नाही. गणपतीत आमच्याकडे बोरिवलीला आला होता तेव्हा जेवताना म्हणाला, दादा, महिनाअखेरीला केसेस मोजतात आणि आमचा आकडा बघून विचारतात तुम्हाला काम तरी काय असतं. मला फार लागलं ते. जव्हारहून सिरीयस पेशंट नाशिकला हलवायचा म्हणजे जवळपास ८० किलोमीटर, त्यात घाट, पावसाळ्यात रस्त्याची जी हालत असते ती असतेच, मग तिथे पेशंट अ‍ॅडमिट होईस्तोवर थांबायचं आणि तेवढंच अंतर परत, पाच तास गेले आणि कागदावर पडली एक केस.

साधा हिशोब करून बघा. १२ तासांची ड्युटी धरा. शहरातल्या गाडीने ६ केसेस केल्या, प्रत्येकी तासभर, तर ती ६ तास बिझी. गावाकडच्या गाडीने २ च केल्या पण प्रत्येकीला ४ तास, म्हणजे ती ८ तास बिझी. केसेस मोजल्या तर शहराचं काम तिप्पट दिसतं, तास मोजले तर गावाकडची गाडी जास्त राबलेली. ड्युटीच्या तासांपैकी गाडी किती कामात होती या मोजमापाला युनिट अवर युटिलायझेशन म्हणतात, पण त्यातही नुसत्या फेऱ्या भागिले ड्युटीचे तास केलं की हीच चूक होते. शिवाय ते ८ तास दुसरा कॉल आला तर कोण जाणार? मुंबईत बाजूच्या एरियातली गाडी वळवता येते, तिकडे पुढची गाडी दुसऱ्या तालुक्यात असते.

मुंबईतले लोक आरामात आहेत असं मी अजिबात म्हणत नाहीये. लिफ्ट बंद असलेल्या बिल्डिंगमधून पेशंट खाली आणायचा, चाळीच्या अरुंद जिन्यात स्ट्रेचर वळत नाही, हायवेला ट्रॅफिक, आणि कॅज्युअल्टीत बेड मिळेपर्यंत गाडीचंच स्ट्रेचर अडकून पडतं, हा वेळ सुद्धा कुठल्याच केसच्या आकड्यात दिसत नाही. २०१७ मध्ये मुंबईत बाईक अ‍ॅम्ब्युलन्स आल्या त्या या गल्लीबोळांमुळेच ना, पण बाईकवरून पेशंट नेता येत नाही, मागून मोठी गाडी लागतेच, मग ती एक केस धरायची की दोन?

राज्यात २०१४ ला १०८ नंबरची सरकारी अ‍ॅम्ब्युलन्स सेवा सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या, २३३ अ‍ॅडव्हान्स्ड (गंभीर पेशंटसाठी जादा उपकरणं असलेल्या) आणि ७०४ बेसिक. गाड्या वाढवायच्या, हलवायच्या ठरतात तेव्हा लोकसंख्या आणि केसेस एवढंच बघून चालणार नाही.

माझी विनंती एवढीच की सरकारी असो की खाजगी, प्रत्येक गाडीच्या वेळा लोकांसमोर ठेवा: कॉल कधी आला, गाडी कधी निघाली, पेशंटजवळ कधी पोचली, हॉस्पिटलला कधी आणि परत मोकळी कधी झाली. मुंबईत वॉर्डप्रमाणे, पालघर-ठाण्यात तालुक्याप्रमाणे. आणि जवळची गाडी आधीच बाहेर असताना किती कॉल आले तेही, कारण भावाच्या गाडीला तसे कॉल येतात आणि ते आज त्याच्या महिन्याच्या कागदावर कुठेच नसतात.

आपला,
एक वाचक, बोरिवली (पूर्व)