चाइल्ड प्रोसेसचा हिशेब: बडोद्याच्या मित्रास पत्र

रामबाग, इंदूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

बॅशच्या (लिनक्समध्ये आज्ञा चालवणाऱ्या शेलच्या) स्क्रिप्टमध्ये आज्ञेच्या शेवटी अँपरसँड (&) लावला की कामे समांतर चालू लागतात, मग त्यात शिकण्यासारखे उरते तरी काय, असे तू विचारले आहेस. आजोबांच्या मोडी दप्तराच्या स्कॅन केलेल्या १२०० पानांची लहान चित्रे करायला बसेपर्यंत मलाही तसेच वाटत होते.

एका पानाला साधारण ६ सेकंद लागत, म्हणजे ओळीने केल्यास २ तास. ते वाचवण्यासाठी मी लूपमध्ये अँपरसँड लावला आणि १२०० चाइल्ड प्रोसेस, म्हणजे मूळ स्क्रिप्टने (पेरेंटने) जन्माला घातलेली स्वतंत्र ‘मुले’, एकदम सुरू झाल्या. फोर्क, म्हणजे असे मूल जन्माला घालणे, तसा स्वस्त असतो, कारण पेरेंटच्या मेमरीची खरी नक्कल दोघांपैकी कोणी तीत लिहीपर्यंत होतच नाही. परंतु प्रत्येक मुलाने उघडलेले चित्र मात्र त्याचे स्वतःचे असते. यंत्रात कोअर (प्रोसेसरचे प्रत्यक्ष काम करणारे भाग) ४, म्हणजे शेगड्या चार आणि कढया १२००, असे तर आपल्या सराफ्याच्या खाऊगल्लीतही कोणी करणार नाही. मेमरी भरली, स्वॅप (मेमरीतला मजकूर डिस्कवर हलवणे) सुरू झाला, माउस हलेना. शेवटी बटण दाबून यंत्र बंद करावे लागले.

मग मी चार-चार पानांच्या तुकड्या केल्या आणि प्रत्येक तुकडीनंतर वेट (मुले संपेपर्यंत थांबण्याची आज्ञा) लिहिले. काम अर्ध्या तासाच्या थोडे वर गेले, स्क्रिप्ट बिनतक्रार संपली, आणि दुसऱ्या दिवशी लक्षात आले की ९ चित्रे शून्य बाइटची आहेत. खरी मेख इथेच होती. कोणताही पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) न देता वेट लिहिले, तर ते सगळ्या मुलांची वाट पाहते खरे, पण त्यांतले कोणी अपयशी ठरले तरी स्वतः शून्यच, म्हणजे ‘सगळे ठीक’ असाच कोड, परत करते. म्हणून प्रत्येक मूल सुरू करताच डॉलर-उद्गारचिन्हातून ($!) मिळणारा त्याचा पीआयडी जपून ठेवावा लागतो आणि नंतर एकेकाचे नाव घेऊन वेट करावे लागते. तसे केल्यावर त्या ९ पानांचा एक्झिट कोड (प्रोसेस कशी संपली ते सांगणारा आकडा) १३७ निघाला. सिग्नलने मेलेल्या प्रोसेसचा कोड शेल १२८ मध्ये सिग्नलचा क्रमांक मिळवून सांगते, म्हणजे हा सिग्नल ९, प्रोसेस जबरदस्तीने मारण्याचा. ती पाने जमिनीच्या नकाशांची, अवाढव्य आकाराची होती आणि मेमरी संपल्यामुळे कर्नलनेच (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यानेच) त्यांच्या प्रोसेस मारल्या होत्या.

यशस्वी पाने मोजण्यासाठी मुलाच्या आत वाढवलेला आकडा पेरेंटमध्ये शून्यच राहिला, कारण मुलाला व्हेरिएबलची फक्त प्रत मिळते; त्या घोळात माझी एक संध्याकाळ गेली, असो.

तुकड्यांत एक खोट आहे: तिघे मोकळे होऊन चौथ्याची वाट पाहत बसतात. एक्सआर्ग्स (xargs) या यादीतली कामे वाटून चालवणाऱ्या आज्ञेच्या पी (-P) पर्यायाने चारही जागा सतत भरलेल्या राहतात आणि एखादे काम फसल्यास शेवटी बहुधा १२३ हा कोड मिळतो, पण कोणते फसले ते त्यावरून कळत नाही. मला पानांची नावे हवी होती, म्हणून मी तुकड्याच ठेवल्या.

स्क्रिप्ट सोबत पाठवत आहे. तीतल्या ४ च्या जागी तुझ्या यंत्रावर एनप्रॉक (nproc, कोअर मोजणारी आज्ञा) सांगेल तो आकडा घाल, आणि मोठ्या फायली आधीच वेगळ्या काढून एकेक करूनच चालव.

तुझा,
इंदूरकर मित्र