आत्यासाठी, बाबांच्या पत्त्यावर

रॉटरडॅम,
रविवार

ती. बाबांस,
सप्रेम सलाम.

परवाच्या फोननंतर आत्याचंच डोक्यात आहे. धाकट्याने मुद्दाम तिचं मन दुखावलं असेल असं मला वाटत नाही. पुण्यात त्या नव्या फेलोशिपला जायला लागल्यापासून त्याला जे पटलंय ते सगळ्यांना आजच्या आज पटवायची घाई झालीय. पण "देवाने जगाच्या आधीच ज्यांना निवडलं त्यांचंच तारण, बाकीच्यांनी कितीही आटापिटा केला तरी नाही" हे आत्यासमोर बोलायचं? तिचं पहिलं बाळ बाप्तिस्म्याआधीच गेलं, हे आपल्या घरात कोणाला ठाऊक नाही? ती काही न बोलता उठून आत गेली, आणि हा समजला की तिला पटलं.

तुम्ही म्हणालात, "हे सगळं तुझ्या तिकडेच ठरलंय ना, मग बघून लिही." तर शनिवारी डॉर्ड्रेख्टला जाऊन आले. इथून आगगाडीने जवळच आहे. धाकटा ज्या पाच मुद्द्यांची शपथ घेतो, त्यांचं मूळ त्या गावच्या १६१८-१९च्या धर्मसभेत आहे. (मुद्द्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'ट्यूलिप' म्हणतात ते मात्र फार नंतरचं. सभेतल्या कोणी ते नाव ऐकलेलंही नव्हतं.) सभा भरली ती बंदूकधारी नागरिकांच्या संघाची इमारत आता उभी नाही. मोठं चर्च आहे, नदीकाठी, बसक्या जाडजूड मनोऱ्याचं. पाहण्यासारखं एवढंच. वाचण्यासारखं मात्र बरंच निघालं, आणि पत्र लांबलंय ते त्यामुळे.

मूळ भांडण लायडन विद्यापीठातल्या दोन प्राध्यापकांचं. एक आर्मिनियस, दुसरा गोमारस. आर्मिनियस लहानपणीच पोरका झाला. तो मारबुर्गला शिकत असताना, १५७५ साली, स्पॅनिश फौजेने त्याच्या गावात कत्तल केली, त्यात आई आणि भावंडं गेली. त्याच्या मतांचा या दुःखाशी संबंध जोडायचा मोह होतो, पण तो स्वतः युक्तिवाद करायचा तो पवित्र शास्त्रावरूनच. त्याचं म्हणणं, देव निवडतो हे खरं, पण कोण विश्वास ठेवील हे आधीच जाणून निवडतो. ख्रिस्त सगळ्यांसाठी मेला. आणि कृपेशिवाय माणसाला काहीच जमत नाही, पण आलेली कृपा माणूस नाकारू शकतो. गोमारसला यात घात दिसला. शेवटचा शब्द माणसाचा झाला, तर तारणाचं श्रेयही थोडंफार माणसाकडे जाणार, मग ती कृपा कसली?

तुम्ही मांजरीच्या आणि माकडिणीच्या पिल्लाचं सांगायचात ना, रामानुजांच्या पंथातल्या वादाचं? मांजरीचं पिल्लू काही करत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते, माकडिणीचं पिल्लू आईला घट्ट धरून ठेवतं. धाकटा आर्मिनियसला सरळ माकडाच्या रांगेत बसवतो. ते चूक आहे. आर्मिनियसच्या मते पिल्लाच्या हातातलं बळही आईनेच दिलेलं असतं. पिल्लू फक्त हात सोडू शकतं. सगळा वाद त्या सोडण्यापुरता आहे, आणि तेवढ्यावरून देश दुभंगला.

आर्मिनियस १६०९ साली वारला. पुढच्या वर्षी त्याच्या बाजूच्या पाळकांनी पाच कलमांचं निवेदन सरकारला दिलं. मग राजकारण शिरलं. प्रांतांचा वयोवृद्ध मुत्सद्दी ओल्डेनबार्नेव्हेल्ट त्यांच्या बाजूचा, तर सेनापती राजपुत्र मॉरिस विरुद्ध बाजूचा. त्या पाच कलमांचा निकाल लावायला सभा नोव्हेंबर १६१८ मध्ये सुरू झाली. इंग्लंड, स्कॉटलंड, स्वित्झर्लंड, जर्मन संस्थानं, सगळीकडून विद्वान आलेले, कारभार लॅटिनमध्ये. फ्रान्सच्या राजाने आपल्या लोकांना येऊ दिलं नाही, म्हणून त्यांची आसनं मोकळी ठेवली होती. आर्मिनियसवाल्यांना बोलावलं होतं, पण बरोबरीने बसायला नाही, जाब द्यायला. जानेवारीत अध्यक्ष बोगरमानने संतापून त्यांना सभेतून हाकलून दिलं. पुढे सुमारे दोनशे पाळकांची पदं गेली, कित्येकांना देश सोडावा लागला. आणि १३ मे १६१९ रोजी हेगमध्ये एकाहत्तर वर्षांच्या ओल्डेनबार्नेव्हेल्टचं मुंडकं उडवलं. आरोप राजद्रोहाचा होता, सिद्धान्ताचा नव्हे, हे खरं. पण सभेची परदेशी मंडळी निरोप घेऊन चार दिवस होतात न होतात तोच हे झालं. धाकट्याला हा भाग कोणी शिकवलेला दिसत नाही.

तरीही, बाबा, सभेचे ठराव स्वतः वाचल्यावर माझं मत जरा बदललं. ही माणसं आपल्या पोरापेक्षा पुष्कळ सावध होती. तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात (हे दोन मुद्दे त्यांनी एकत्रच घेतलेत) म्हटलंय की देवाची कृपा माणसांना ओंडके किंवा दगड समजून काम करत नाही, इच्छाशक्ती पुसून टाकत नाही, तिला बळजबरीने ओढतही नाही, तर तिला जिवंत करते, बरी करते. त्याच प्रकरणात दुसऱ्यांबद्दल कसं बोलावं तेही आहे. जे विश्वास कबूल करतात आणि नीट वागतात त्यांच्याबद्दल चांगलंच बोलावं, कारण अंतःकरणाच्या आतल्या खोल्या आपल्याला दिसत नाहीत. ज्यांना अजून पाचारण झालेलं नाही त्यांच्यासाठी प्रार्थना करावी. आणि आपण त्यांच्याहून वेगळे आहोत असा तोरा मिरवू नये. हे धाकट्याला अवश्य वाचायला लावा.

आता आत्याचं. पहिल्या प्रकरणाचं सतरावं कलम नेमकं तिच्यासाठी लिहिलंय म्हणावं असं आहे. माझ्या मराठीत देते. देवाची इच्छा आपण त्याच्या वचनावरून ओळखायची असते. ते वचन सांगतं की विश्वासणाऱ्यांची लेकरं पवित्र आहेत, जन्मस्वभावाने नव्हे, तर आईबापांबरोबर ती ज्या कृपेच्या करारात आहेत त्या करारामुळे. म्हणून देव ज्या लेकरांना तान्हेपणीच या जगातून नेतो, त्यांच्या निवडीबद्दल आणि तारणाबद्दल देवभीरू आईबापांनी शंका धरू नये. बाप्तिस्मा झाला होता की नव्हता, याचा त्या कलमात उल्लेखही नाही. विरोधक तेव्हा असा आरोप करायचे की तुमच्या शिकवणीप्रमाणे देव निष्पाप तान्ह्यांना आईच्या छातीपासून हिसकावून नरकात टाकतो. समारोपात सभेने हा आरोप नाव घेऊन झिडकारलाय, आम्ही असं मानत नाही, आम्हाला त्याची किळस येते, म्हणून. म्हणजे आत्याचा प्रश्न तेव्हाही कोणीतरी विचारलेला होता, आणि कठोरातल्या कठोर माणसांनाही त्याला उत्तर द्यावंसं वाटलं.

मला खटकतं ते याच्या पलीकडचं. ज्या लेकरांचे आईबाप विश्वासणारे नाहीत त्यांचं काय, यावर ते कलम काही म्हणत नाही. आपल्या घरात हा प्रश्न पुस्तकी नाही. पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या सख्ख्या भावाने नाही. एकाच वाड्यात वाढलेले, एकाच मिशनरीचं प्रवचन ऐकलेले. एकाला ओढ लागली, दुसऱ्याला नाही, ती का? गोमारस म्हणेल देवाची मर्जी, आर्मिनियस म्हणेल भावाचा नकार. दोन्ही उत्तरं मला पुरेशी वाटत नाहीत, पण निवडायचीच वेळ आली तर मी आर्मिनियसच्या बाजूला बसेन. "सर्व माणसांचे तारण व्हावे" अशी देवाची इच्छा आहे असं पौल तीमथ्याला लिहितो, आणि त्यातल्या 'सर्व'चा अर्थ 'सर्व प्रकारची' असा लावणं मला पळवाट वाटते.

पण निवडीचा सिद्धान्त मी फेकून देणार नाही. "तुम्ही मला निवडले नाही, तर मी तुम्हांला निवडले" हे प्रभू म्हणाला ते जेवायला बसलेल्या शिष्यांना, त्यांना धीर यावा म्हणून. बाहेर उभ्या असलेल्या कोणाकडे बोट दाखवायला नाही. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा, लक्ष्मीबाईंचा त्यानंतर काही वर्षांनी. मधल्या काळात धाकट्यासारखा कोणी त्यांच्या दारात येऊन "या बाई निवडलेल्यांतल्या दिसत नाहीत" म्हणाला असता तर? त्याच्याच शिकवणीप्रमाणे तो तोंडघशी पडला असता.

आणि गंमत बघा. तुमच्या घराण्याला शिकवण मिळाली ती अमेरिकन मराठी मिशनची, म्हणजे कॅल्व्हिन या धर्मसुधारकाच्या, गोमारसच्याच बाजूच्या वळणाची. आई मेथडिस्ट घरातली, म्हणजे त्या पंथाचा संस्थापक वेस्ली याच्या वळणाची, आणि वेस्ली तर आपल्या मासिकाला आर्मिनियसचंच नाव देऊन बसला होता. या दोन बाजूंतल्या एकीने दुसरीला देशोधडीला लावलं, आणि तुमच्या लग्नात कोणी ब्रही काढला नाही. रात्रीच्या प्रार्थनेत तुम्ही दोघं एकच मागता. आई कधी "प्रभू, मी तुला निवडलं म्हणून मी वाचले" असं म्हणाल्याचं मला आठवत नाही, आणि तुम्हीही सगळं ठरलेलंच आहे म्हणून धाकट्यासाठी प्रार्थना करायची थांबला नाहीत. पौलसुद्धा फिलिप्पैकरांना "भीत व कापत आपले तारण साधून घ्या" म्हणतो आणि लगेच पुढे सांगतो की तुमच्यात इच्छाही देवच घालतो आणि कृतीही तोच करवतो. त्याने दोन्ही एका दमात सांगितलं आणि पुढच्या विषयाकडे गेला.

धाकट्याला रागावू नका. त्याला मला फोन करायला सांगा, भांडायचं तर माझ्याशी भांडू दे, मी तयारीत आहे. आईला सलाम. तिच्या गुडघ्याच्या गोळ्या संपल्या का ते कळवा.

सतराव्या कलमाचं मराठी वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून सोबत ठेवलंय. आत्याला ते तुम्हीच वाचून दाखवा, धाकट्याला देऊ नका. त्याच्या पुढचं अठरावं कलम "हे मानवा, देवाला उलट बोलणारा तू कोण?" असं आहे, आणि तो तेही वाचल्याशिवाय राहणार नाही.

तुमची,
थोरली