कॉलेजची लायब्ररी रात्री उघडी ठेवा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मी परळच्या एका डिग्री कॉलेजमध्ये शिकवते. सेमिस्टरचा रिझल्ट लागला की स्टाफरूममध्ये ठरलेलं वाक्य असतं, "दिवसभर मोबाईलमध्ये डोकं, दुसरं काय होणार". मला हे पटत नाही म्हणून लिहितेय.

पोरं दिवसा नाही, रात्री खेळतात. घरातले झोपले की अकराला बीजीएमआय या मोबाईल गेमचा चौघांचा स्क्वॉड जमतो, एक मॅच जवळपास अर्धा तास चालते, मधे थांबवता येत नाही, मधेच सोडली तर बाकीचे तिघं चिडतात, मग "लास्ट मॅच, लास्ट मॅच" करत दोन वाजतात. त्यावर झोप येईपर्यंत रील्स, ते तर संपतच नाहीत. सकाळी ७ च्या लेक्चरला विरारहून येणाऱ्या पोराला साडेचारला उठावं लागतं. तो ७५ टक्के अटेंडन्ससाठी बाकावर येऊन बसतो पण डोक्यात काहीच शिरत नाही, आणि एटीकेटी लागली की आपण त्याला आळशी म्हणून मोकळे.

ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन गेम्सवर बंदीचा कायदा झाला, फार बरं झालं, उधारी करून खेळणारी मुलं मी पाहिलीत. पण बाकीचे गेम त्यात येत नाहीत. २०२३ ला बंदी उठून बीजीएमआय परत आला तेव्हा १८ वर्षांवरच्यांना दिवसाला ६ तासांची मर्यादा होती. कॉलेजच्या पोराला ६ तास, ही मर्यादा झाली का? जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंग डिसऑर्डर हा आजार मानलाय, ज्यांना खरंच तो त्रास आहे त्यांच्यासाठी टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा फुकट नंबर आहे, घरच्यांनी जरूर फोन करावा. पण माझ्या वर्गातली बहुतेक मुलं आजारी नाहीत, त्यांना बसायला जागा नाही.

बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, तिथे टीव्ही चालू, पाहुणे, आजीचं आजारपण. अशात कानात इअरफोन घातले की तेवढीच स्वतःची जागा, तिथे पुस्तक उघडणार कसं? म्हणून तर वरळीच्या अभ्यास गल्लीत पिढ्यान् पिढ्या पोरं रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून शिकली. मुलींना उशिरापर्यंत तेही जमत नाही, त्या घरीच रील्स बघत बसतात आणि त्यांच्याबद्दल तर कोणी बोलतच नाही.

आमची लायब्ररी संध्याकाळी ६ ला बंद होते. मुंबईतल्या कॉलेजांनी निदान एक हॉल आणि एक वॉचमन रात्री १० पर्यंत ठेवावा, मुलींसाठी वेगळी सोय करावी, आणि रात्री नऊनंतर व्हॉट्सअॅप ग्रुपवर असाइनमेंट टाकणं आम्ही शिक्षकांनी बंद करावं, कारण त्या निमित्ताने हातात घेतलेला फोन परत खाली ठेवला जात नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी मी स्वतः थांबायला तयार आहे, तसं प्रिन्सिपॉलना लेखी दिलंय.

आपली,
एक प्राध्यापिका, लालबाग, मुंबई