वाचनचाचणीचे यंत्र घेण्याआधी: शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य,
स. न. वि. वि.

मुलाने मोबाइलसमोर उतारा वाचायचा आणि मिनिटाला किती शब्द बरोबर आले ते यंत्राने सांगायचे, अशी साधने गुजरातेतल्या सरकारी शाळांत वापरली गेली आहेत. आपल्याकडे तसे काही घेणार असाल, तर निविदेच्या अटी नीट घाला, ही कळकळीची विनंती.

बोलणे टिपणारी नेहमीची प्रणाली कानाइतकीच अंदाजावर चालते. ‘आई बाजारात गेली’ हे वाक्य मुलाने ‘गेला’ असे वाचले, तरी मागच्या ‘आई’वरून ती ‘गेली’ लिहून मोकळी होऊ शकते. मजकूर सांगून लिहिताना हे सोयीचे. वाचनचाचणीत मात्र जी चूक शोधायची, तीच पुसली जाते. मूल अडून गप्प बसले, तर काही प्रणाली त्या शांततेतही शब्द भरतात. उलट वऱ्हाडातले मूल ‘डोळे’ वाचताना ‘डोये’ म्हणाले की लाल फुली! त्या मुलाला अक्षर येते, उच्चार घरचा आहे. कोणते उच्चार ग्राह्य धरायचे, याची यादी त्या त्या भागातल्या शिक्षकांकडूनच करून घ्यावी. मेळघाटात कोरकू आणि गडचिरोलीत माडिया बोलणाऱ्या मुलांसाठी ती वेगळी लागेल.

अचूकतेच्या एका आकड्यावर विसंबू नका. १०० शब्दांत मुलाचे ८ चुकले आणि यंत्राने सगळेच बरोबर धरले, तरी ते ९२ टक्के अचूक ठरते. दोन आकडे वेगळे मागा: चुकलेल्या शब्दांपैकी किती पकडले, आणि बरोबर शब्दांपैकी किती उगाच चुकीचे ठरवले.

मोठ्यांच्या आवाजावर तयार झालेली यंत्रे मुलांच्या उंच पट्टीला चकतात. म्हणून तपासणीची ध्वनिमुद्रणे दुसरी-तिसरीच्या खऱ्या वर्गांतली हवीत. पत्र्यावर पाऊस वाजतोय, शेजारी पाढे चाललेत, अशीसुद्धा. प्रत्येक मुद्रण दोन शिक्षकांनी एकमेकांचे न बघता तपासावे. मतभेद झाला तर तिसऱ्याने ऐकावे. पुरवठादाराला ही मुद्रणे आधी देऊ नयेत, नाहीतर यंत्र तेवढीच घोटून येईल.

२०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याप्रमाणे पालकांची संमती आणि मुद्रणे पुसण्याची मुदत करारात असावी.

शिक्षकाला मुद्रण ऐकून गुण बदलता यावेत. आणि वरचे दोन्ही आकडे जिल्हावार हाती येईपर्यंत या गुणांवरून शाळांची क्रमवारी लावू नये, शिक्षकांना नोटिसा काढू नयेत.

आपले,
मराठी भाषातंत्रज्ञानात काम करणारे